देवाला दोनदा दिलेली कोंबडी

आमच्या बिरवाडीच्या चर्चमध्ये सगळे मला दानशूर समजतात, त्याचं श्रेय एका कोंबडीला आहे.

कापणीच्या सणाला घरचं काहीतरी देवाला न्यायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आम्ही भाड्याच्या खोलीत राहणारे, आम्हाला कुठलं शेत? बाजारातला भोपळा नेला तर देवाला कळेल, आणि त्याआधी सासूबाईंना, या धास्तीने मी घरची कोंबडी नेली.

लिलाव सुरू झाला आणि माझी चार वर्षांची रूथ किंचाळली, "मम्मी, ती माझी चिमी आहे!"

वीर गावचे शमुवेलकाका चिमीला हातात तोलत म्हणाले, "रडतंस कशाला गो? रस्सा झाला की तुला पण बोलवतो."

मी घाबरून बोली लावली. काका चढले, मी चढले, शेवटी चिमी आमची झाली.

पण घेतलेली वस्तू पुन्हा देवाला द्यायची, अशीही आमच्यात पद्धत आहे. टाळ्या वाजल्या आणि पाळकसाहेबांनी माझ्या हातातून चिमी अलगद काढून घेतली. "बहिणीने परत अर्पण केली! बोला, कोण घेतं?"

देवाच्या घरात ‘नाही’ कसं म्हणायचं? मी ती दुसऱ्यांदा विकत घेतली आणि ओढणीत गुंडाळून थेट दार गाठलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, "देवाने दिलेलं कसं हसत सोडावं, ते या बहिणीकडून शिका."

शेजारी बसलेल्या सासूबाई कुजबुजल्या, "पुढच्या वर्षी बाजारातला भोपळाच ने गं. त्याच्यासाठी कुणी रडत नाही."