गव्याचा बिल्ला

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, तुमचा डेटा चुकलाय!" माझा डेटा! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी रोज धार काढायच्या आधी वहीत लिहितो... कुठल्या गाईनं वैरण खायची टाकली, कुणाला किती गोचिड्या, गोठ्यात माश्या कुठल्या वेळेला उठतात, सगळं! आणि हा कोण? तर मल्हार. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, लंपीच्या सर्व्हेला कंत्राटावर नेमलेला विद्वान!

झालं काय, मंगळवारी आमच्या चांदीच्या मानेवर गाठी उठल्या. आठ. मोजल्या मी. अंगात ताप. लंपीच, दुसरं काय? आणि पलीकडं मोहिद्दीनचा गोठा, मध्ये नुसता पत्रा. माशीला काय पत्रा अडवतोय? त्याची दोन खिलारं, माझ्या आणखी तीन गाई, सगळी अजून धडधाकट. सर्व्हेत 'आजारी जनावर' एवढं नोंदलं की लसीची गाडी येते. एवढंच पाहिजे होतं हो! मोहिद्दीन तर दारातच उभा, "दादा, त्येला आदी चांदी दावा."

म्हटलं, मल्हारराव, ही बघा गाय. तर म्हणतो, "थांबा काका, आधी जंगली जनावरं. गवा दिसला का इकडं?" दिसला की! रविवारी पहाटे, वरच्या उसात, मादी, एकदम ठणठणीत. वहीत आहे. गडी खूष! टॅबवर बोट आपटलं आणि तोंड पाडलं. "कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

कुणाच्या?

"गव्याच्या."

अहो, गव्याच्या कानात बिल्ला! मारणार कोण, ह्याचा बाप? तर म्हणतो, "बारा आकडे टाकल्याशिवाय ॲप पुढं जात नाही, काका."

बरं, गवा सोड, गाय घे. "गवा पुरा झाल्याशिवाय ॲप पुढं जात नाही, काका." आतनं आमची राजमती ओरडली, "आवं, त्येला च्या तरी पाजा, मग जाईल फुडं!" पाजला. दोन कप. गेलं पुढं? छ्या!

मग काय केलं ह्यानं? वाकला, चांदीचा कान धरला आणि तिच्या बिल्ल्याचा नंबर टाकला... गव्याला! म्हटलं, अहो, तो चांदीचा! "तात्पुरता टाकलाय हो." झालं! गवा, मादी, ठणठणीत, आणि बिल्ल्यावरनं पत्ता आला माझा गोठा! ॲप सुसाट पुढं. मग चांदीची पाळी आली, तर टॅब म्हणतो, हा नंबर झालाय. दुरुस्त कर की लेका! "एकदा गेलं की ॲप मागं येत नाही, काका." अरे, तिला गाठी आहेत! "तुमचा डेटा चुकलाय. सिस्टीमला ती ठणठणीत दिसतेय." आणि गेला, फटफटीचा धूर माझ्या तोंडावर सोडून!

दोन दिवस लसीचा पत्ता नाही. मोहिद्दीन रोज खिलारांच्या अंगावरनं हात फिरवतोय, गाठ लागते का बघतोय. तिसऱ्या दिवशी जीप! जंगलाचे साहेब, बरोबर चार काठीवाले. "गवा बांधून ठेवलाय म्हणे? गुन्हा आहे हा!" चांदी समोर कडबा चघळतेय. साहेब एकदा तिच्याकडं बघतात, एकदा बिल्ल्याकडं. "नंबर तर हाच आहे." म्हटलं, साहेब, दोन वेळा धार देतो हा गवा, डेअरीला घालतो आम्ही! हसला का माणूस? अंहं! नजर गेली मानेवर, आणि किंचाळले, "संरक्षित प्राण्याला लंपी!"

मग काय विचारता... फोनावर फोन! दिवस मावळायच्या आत इस्लामपूरहून दोन डॉक्टर, लसीची पेटी, गल्लीतलं एकूण एक चांगलं जनावर टोचलं. खिलारं वाचली. चांदीला औषध पाजताना खुद्द साहेबांनी कासरा धरला! गाय होती तोवर कुत्रं विचारत नव्हतं हो!

बरी झाली चांदी. आणि नोंद? ती कसली सुधारतेय! दर महिन्याला जीप येते, गव्याच्या पाहणीला. मी खाली बसून धार काढत असतो. साहेब लांबनंच बघतात आणि रकान्यात लिहितात, 'स्वभाव: माणसाळलेला.'