ठोकळा अक्षर

छपाईच्या दुकानात खोळंबलेल्या शिंपीणबाईंना पुढच्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं. त्या दोघांना आपल्या आईच्या शोकसभेचा फलक करून घ्यायचा होता.

“नाव या ठोकळा अक्षरात घ्या. रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे.”

“साहेब, हा टाइप आम्ही ‘सेल’ नाहीतर ‘धोका’ लिहायला वापरतो. अंगावर ओरडतो.”

“ओरडू दे. खाली माझं नाव, त्यातच बारीक.”

“बारीक केला की अक्षरांची पोटं बुजतात, वाचता येत नाही.”

“मग माझंही मोठं घ्या.”

“दादा, तू फोन नंबर बदललास तेव्हा आई म्हणाली होती, मला दिसत नाही, असा जाड लिहून दे, भिंतीला लावते.”

“राहून गेलं. किती वेळा उकरून काढशील?”

“तिने आठवून स्वतःच लिहिला. एक आकडा चुकला. ती गेली तेव्हा तुला कळवायला मी भिंतीवरचा तोच लावला, तर कुणी परका माणूस रडायला लागला. आई रोज त्याच्याशी बोलायची म्हणे.”

“आणि तो ऐकून घ्यायचा?”

“फोन उचलायचा. उद्या सभेला येतोय. तुझं नाव मोठंच घे, दादा. खरा मुलगा कोण, ते त्याला कळायला हवं.”