आठ माणसांचं टेबल

कृष्णात : सहाची ऑर्डर दिलती, तहरीम. हे आठ माणसांचं टेबल कुणाचं?

तहरीम : तुमचंच हाय, दादा. गडमुडशिंगीला जायाचं.

कृष्णात : माझं कसलं? कागदावर माप लिहून दिलतं की. आबा, आम्ही दोघं भाऊ, तीन पोरं. झाली सहा. कुणाला इचारून वाढवलंस?

तहरीम : आक्कास्नी. खोलीचं माप घ्यायला घरी आले, त्या दिवशी तुम्ही डेअरीत हुता. मी म्हणलं, ह्या टेबलावर जेवणार कोण कोण? तर हसल्या. म्हणल्या, मला इचारणारी तू पयलीच.

कृष्णात : आक्का माझी आई हाय, गिऱ्हाईक न्हवं!

तहरीम : कबनूरला एका स्वैपाकघराचं कपाट केलतं मी. मालकानं सांगितलं त्या मापाचं, अगदी डोळं झाकून. दारं अशी बसली की कागद जायाचा न्हाय. पर वरच्या फळीला त्याच्या बायकोचा हात पुरंना. स्टुलावर चढली, पडली, मनगट मोडलं. तवापास्नं जो वापरणार त्यालाच इचारते.

कृष्णात : टेबलावरनं कोण पडतंय? करवत घे, दोन फूट काप.

तहरीम : न्हाय कापणार.

कृष्णात : अमीनभाईला बोलीव. तुझा बाप असा कधी बोलला न्हाय.

तहरीम : अब्बांनी कारखाना माझ्या हातात दिलाय. पाय टोकाला सांध्यात बसवल्यात, कापलं की डगमगणार. डगमगणारी वस्तू ह्या दारातनं बाहेर जात न्हाय.

कृष्णात : मग ठेव तुझ्याजवळ. निघालो मी.

(बाहेर उभ्या टेम्पोतून उतरून आक्का आत येते.)

आक्का : कुठं निघालास?

कृष्णात : तुला बस म्हणलं न्हवं टेम्पोत?

आक्का : बसून कटाळा आला. बघू गं पोरी, हात फिरवू दे. झ्याक केलंयस की!

तहरीम : कापा म्हणत्यात, आक्का.

आक्का : काप की. सहाचंच करायचं तर मी आन् ह्याची बायको वर बसतो. हा आन् ह्याचा भाऊ बसतील भुईवर.

कृष्णात : कायतरीच तुझं! दोघी बसल्यावर वाढणार कोण?

आक्का : टोपली मधी ठेवायची. ज्याला पायजे त्यानं हात लांब करायचा. चाळीस वर्सं झाली, तव्यावरची गरम भाकरी तुमच्या ताटात, गार माझ्या. आता न्हाय.

कृष्णात : आबास्नी पटंल?

आक्का : त्यास्नी सांगून झालं. दोन दिस बोलले न्हाईत. तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं.

कृष्णात : आन् खोलीत मावायला नको?

आक्का : सकाळीच तुझा सोफा भिताडाला सरकवलाय. मी आन् तुझ्या बायकोनं.

कृष्णात : म्हंजे सगळ्या घराला ठावं हुतं. मलाच न्हवतं.

तहरीम : दादा, एका बाजूनं धरता काय? जड हाय.

कृष्णात : ...थांब, धरतो. सरक गं आक्का, पायावर पडंल. आन् तू कुठं बसणार हायस?

आक्का : पंख्याखाली.