आठ वाट्या आणि एक सुपारी

टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीचा एकच सूर राहू द्या. हां, तेवढाच, दुपारच्या माशीसारखा. आणि मागं त्या मोठ्या खांबाच्या अलीकडं-पलीकडं बसलेल्या बायांनो, सुनेचं गाऱ्हाणं अर्धं राहिलं असेल तर राहू द्या. सून कुठं पळून जात नाही, उद्या पुरं करा.

मंडळी, आज मी तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहे. दार उघडं ठेवलं म्हणजे बोलावणं झालं का?

माना हलवू नका एवढ्यात. पूजेला बसता, मूर्ती नसते, तेव्हा गणपती म्हणून काय मांडता? सुपारी. पानाच्या डब्यातली, कालपर्यंत अडकित्त्याखाली जाणारी सुपारी. तिला तांदळावर ठेवता, हात जोडता आणि म्हणता, ये बाबा, बैस. म्हणेपर्यंत ती सुपारी. म्हटलं की गणपती. आता देवघराचं दार तर बारा महिने उघडं असतं, मग बोलावता कशाला? अहो, देवालासुद्धा 'ये' म्हणावं लागतं, तिथं जावा-नणंदांची काय कथा?

उघडे दार, मोकळी वाट ।
हाक नाही, कोण येई ॥

म्हणा माझ्यामागं... पुरुषांचा आवाज आला नाही. असो. बोलावणी करायचं काम तुम्ही जन्मात कधी केलंय म्हणा.

तर ऐका. साताऱ्यात एक बाई होती, गजराबाई रणनवरे. सगळं खानदान तिला आक्का म्हणायचं. नाक असं, की नथ नसली तरी नथ आहे असं वाटावं. शाळा दुसरीपर्यंत, पण मांडवात एकदा नजर फिरवून सांगायची, पुरण किती लागेल. सांगितलं त्याच्यावर पोळीभर उरायचं नाही की पोळीभर कमी पडायचं नाही.

पोरं चहूकडं पांगलेली. एक पुण्याला, एक नाशकाला, लेक बडोद्याला, आणि एक नातू तिकडं जर्मनीत, जिथं म्हणे सूर्यसुद्धा रजा टाकतो. आक्का दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. पंच्याहत्तरी आली, तसं पोरांनी विचारलं, आई, तुला काय पाहिजे? साडी सांगेल, पाटल्या सांगेल असं वाटलं त्यांना. आक्का म्हणाली, "माझं सगळं पीक मला एकदा एका खळ्यावर बघायचंय. तीन दिवस. एका छपराखाली."

आता चाळीस माणसांना एक छप्पर आणायचं कुठून? तेव्हा ऋतुजा पुढं आली. आक्काची नात, एकवीस वर्षांची, फोन म्हणजे तिच्या हाताचं सहावं बोट. तिनं धरणाच्या पाण्याकाठचा एक बंगला शोधला. आठ खोल्या, लांबलचक व्हरांडा, सुट्टीला भाड्यानं मिळणारा. फोनवर फोटो दाखवला. आक्कानं चष्मा पुसून बघितलं. पाणी, पाण्यावर धुकं, आणि खालच्या पायरीला बांधलेली एक होडी, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

"असं घर स्वप्नातच असतं गं," आक्का म्हणाली.

"नाही आजी, बुक करता येतं."

मंडळी, त्या दिवसापासून आक्काच्या डोळ्यांपुढून ते पाणी हलेना. कणीक मळताना परातीत तेच पाणी, केस विंचरताना आरशात तेच. बाई घरात, जीव धरणाच्या काठाला.

खोल्या वाटायचं काम तिनं कुणाला दिलं नाही. ऋतुजा म्हणाली, "लॅपटॉपवर तक्ता करते." आक्का म्हणाली, "तुझ्या तक्त्याला माणसं कळतात का?" मोठी परात घेतली. त्यात आठ वाट्या मांडल्या. आठ वाट्या म्हणजे आठ खोल्या. आणि डब्यातनं कडधान्य काढलं. हरभरा म्हणजे पुरुष. वाल म्हणजे बायका. मूग म्हणजे पोरं. आणि घरातलं थोरलं माणूस म्हणजे सुपारी. थोरल्या पिढीतल्या आता दोघीच उरल्या होत्या, म्हणून सुपाऱ्या दोन.

रोज सकाळी चहा झाला की परात पुढं. "हा हरभरा बडोद्याचा जावई. घोरतो. याला शेवटच्या वाटीत टाका. हा वाल नाशकाची सून, पहाटे पाचला उठून हातपाय ताणते, म्हणजे पोरांच्या जवळ नको." असं चालायचं. मूग या वाटीतनं त्या वाटीत उड्या मारायचे. आणि सगळं लागलं की ऋतुजा म्हणायची, "आजी, एक सुपारी बाहेरच राहिली."

"राहू दे. निवडलेल्या धान्यातही एखादा खडा असतोच."

कोण होती ती सुपारी? आक्काची धाकटी जाऊ. हौसाबाई. कोरेगावात लेकाकडं राहायची. लेक दिनकर, त्याची बायको, त्याची दोन पोरं, सगळी सहाव्या वाटीत नीट बसवलेली. आई तेवढी परातीच्या काठावर.

कारण काय? मीठ. हसू नका. राज्यं बुडाली असतील दुसऱ्या कशानं, घरं मिठानं बुडतात.

त्या घराण्यात रीत अशी, की पंगत बसली की पानावर मीठ धाकट्या जावेनं वाढायचं. ते पडल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. एकवीस वर्षांमागं ऋतुजाचं बारसं होतं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, चाळीस पानं. मीठ वाढून झालं, पहिला भुरका मारला, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. आमटी खारट. आमटी हौसाच्या हातची. आक्का भर पंगतीत म्हणाली, "हिला माझ्या नातीचं कौतुक बघवलं नाही. मुद्दाम केलंय."

हौसानं वाढपाचं भांडं खाली ठेवलं. नवऱ्याला म्हणाली, चला. गेली ती गेली. ऋतुजाचं जेवढं वय, तेवढा त्या दोघींचा अबोला. आणि मीठ? तेव्हापासून कुणी वाढलंच नाही. डबी फिरायची. ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं.

आता आतली गोष्ट सांगते. ती आक्काशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. त्याच संध्याकाळी आक्का मिठाची बरणी उचलून ठेवायला गेली. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली, वाढपाचं मीठ वेगळं, तरी ती दोन मुठी खाली गेलेली. एक मूठ हौसाची. दुसरी कुणाची? उभी राहिली बाई बरणी धरून. आणि आठवलं तिला. मांडववाल्याला दारातनं शिव्या देत देत आपणच चुलीपाशी गेलो होतो, आणि आमटी अळणी राहिली असेल म्हणून, न चाखता, न विचारता, मूठ टाकली होती.

कळलं. बरणी फळीवर ठेवली. आणि कळलेलं गिळून टाकलं. मंडळी, खारट आमटी टाकून देता येते. गिळलेलं मीठ कुठं टाकणार? ते तहान लावत राहतं.

ऋतुजानं आपल्या परीनं केलं. हौसाबाईंचा नंबर फोनवरच्या घरच्या ग्रुपात घेतला, बंगल्याचा फोटो धाडला, खाली तारीख. आक्काला सांगितलं.

"धाडलास ना? मग झालं. माझं दार उघडं आहे. यायचं तिनं."

चार दिवसांनी दिनकरनं उत्तर लिहिलं. एकच शब्द, 'बघू.' आता 'बघू' म्हणजे काय, ते या गावात मी सांगायला नको. वर्गणी मागायला गेलं की तुमच्यातले निम्मे हेच बोलतात.

त्या दुपारी आक्काचा डोळा लागला. परात तशीच उशाशी. आणि तिला दिसलं, की धरणाचं पाणी घरात आलंय. हळूहळू, पाहुण्यासारखं, चपला बाहेर काढून. परातीतल्या वाट्या उचलल्या गेल्या आणि तरंगायला लागल्या, आणि मोठ्या होत होत होड्या झाल्या. एकेका होडीत तिचं माणूस. जावई घोरतोय, पोरं पाण्यात हात घालून हसताहेत, तिचा गेलेला नवरा सुकाणूपाशी बिडी ओढत बसलाय. आक्का म्हणते, अहो, तुम्ही कुठल्या वाटीत? मी तुम्हाला धरलंच नव्हतं. तो नुसता हसतो आणि काठाकडं बोट दाखवतो. काठाकाठानं हिरव्या लुगड्यातली एक बाई चालत होती. तरणी. नवीन लग्न झालेली हौसा. होड्यांच्या बरोबरीनं चालत होती आणि हाका मारत होती, "आक्का, माझी खोली कुठली?"

आक्कानं ओरडायला तोंड उघडलं. तोंडात पाणी गेलं. धरणाचं गोडं पाणी, आणि खारट लागलं.

जागी झाली ती घशाला कोरड घेऊन. तांब्याभर पाणी प्याली, तहान जाईना. ती परातीजवळ बसली, आणि काठावरची सुपारी उचलून चार अक्षतांसकट पदराच्या टोकाला बांधली.

"ऋतुजा, उद्या सकाळी कोरेगावला जायचंय."

"फोन करू का आधी?"

"फोननं बोलावतात ते गॅसवाल्याला."

दुसऱ्या दिवशी हौसा अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. केस पांढरे, पण मान तीच. बघितलं, ओळखलं, आणि शेंग सोलत राहिली.

"या. वाट चुकलात का?"

"मी काय इथं नवी आहे वाट चुकायला?"

"एकवीस वर्षांत रस्ता रुंद झालाय, आक्का. चुकतात माणसं."

ऋतुजानं तोंड फिरवलं, हसू लपवायला. आक्का पायरीवर बसली. बसायला पाट घ्या असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनं मागितलाही नाही. पदराची गाठ सोडली. अक्षता आणि ती सुपारी हौसाच्या पुढ्यात सुपात ठेवली, सोललेल्या दाण्यांच्या शेजारी.

"बंगला घेतलाय. तीन दिवस. तू यायचंस. माझ्या खोलीत, माझ्या शेजारी."

हौसानं सुपारी उचलली. बराच वेळ तळहातावर फिरवली.

"बोलवायला आलात, म्हणून येईन," ती म्हणाली. "पोरांच्यात बसेन, जेवेन. पण मीठ मी वाढायची नाही."

आक्काच्या ओठांपर्यंत आलं होतं. मंडळी, इथपर्यंत आलं होतं. पण अंगण रिकामं होतं, नि बोलून टाकावं तर ऐकायला तीन बाया. भर पंगतीत फेकलेला दगड कुणाच्या अंगणात गुपचूप उचलून चालतो का? आक्का "बरं" म्हणाली आणि उठली.

मार्गशीर्षात गेले सगळे. तो बंगला फोटोतल्यासारखाच निघाला. फोटो खरा निघाला, हाच आधी चमत्कार. सकाळी पाण्यावर धुकं असं बसलेलं, की पलीकडचा डोंगर आहे की कुणी सांगितलेली गोष्ट आहे, कळू नये. पोरं पायरीवर पाय सोडून बसायची. होडी आपल्या आपण डुलायची. आक्का व्हरांड्यात बसून नुसती मोजायची. हरभरे, वाल, मूग. आणि खोलीत शेजारच्या गादीवर दुसरी सुपारी, भिंतीकडं तोंड करून. दोन दिवसांत दोघींत बोलणं किती? "दिवा घालवू?" "घालवा."

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठी पंगत. व्हरांड्यात पाण्याच्या अंगानं केळीची पानं मांडली. पोळी आली, तूप आलं, कटाची आमटी आली. ऊन पाण्यावर पडून छताला लागलेलं, सगळं छत हलत होतं, खालची माणसं तरंगल्यासारखी दिसत होती. जर्मनीच्या नातवानं सवयीनं मिठाची डबी उचलली, फिरवायला.

"ठेव ती," आक्का म्हणाली. आणि उभी राहिली.

"बारशाच्या आमटीत मीठ मी टाकलं होतं. हौसानं टाकल्यावर, वरनं, न चाखता. मला त्याच संध्याकाळी कळलं. एकवीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्या नावावर ठेवलं. तेव्हा पंगतीत बोलले होते, म्हणून आज पंगतीत सांगते."

आक्का उभीच. बसायला कुणी सांगेपर्यंत बसायचं नाही, हे तिनं ठरवलेलं.

पंगतीच्या टोकाकडनं आवाज आला. "एवढं बोलायला एकवीस वर्षं? आमटी आटून भांडं जळालं असतं, आक्का."

हौसा उठली. पदर खोचला. नातवाच्या पुढ्यातली डबी उचलली आणि पहिल्या पानापासनं निघाली. एकेका हिरव्या पानाच्या डोक्याशी एकेक पांढरी चिमूट. खाली पाणी पायरीला लागत होतं. आक्काला वाटलं, हिरव्या लुगड्यातली ती काठावरची बाई होडीत चढली. चालत चालत ती आक्काच्या पानापाशी आली. एक चिमूट टाकली. पुढं जाता जाता थांबली, आणि दुसरी टाकली.

"ही तुमची," म्हणाली. "आता बसा. पोळी गार होतीय."

हसली सगळी पंगत. आक्कानं ते मीठ सगळं खाल्लं, आणि मंडळी, तहान लागली नाही.

आता पेटी थांबवा. माझी गोष्ट झाली, तुमची उरलीय. दार उघडं ठेवणं सोपं आहे हो; वाऱ्यानंसुद्धा उघडतं. सुपारी घेऊन दुसऱ्याच्या पायरीवर बसावं लागतं, आणि जिथं बोललो तिथंच उभं राहून परत बोलावं लागतं. तुमच्यातल्या कुणाकुणाच्या परातीच्या काठावर कोण पडलंय, मला ठाऊक नाही असं समजू नका. चाळीस वर्षं या गावच्या बायका माझ्याशी बोलताहेत.

म्हणून मी एक आगाऊपणा केलाय. स्वयंपाकघरात सांगून आले, की आज महाप्रसादाच्या पानांवर मीठ वाढायचं नाही. वाडगा भरून त्या मोठ्या खांबाशी ठेवलाय. त्या खांबाच्या अलीकडं एक बसलीय आणि पलीकडं एक, पाच वर्षं झाली, मधे खांब ठेवून. नावं मी घेत नाही. तुम्ही दोघींनी ठरवा आधी कोण उठतंय ते. तोपर्यंत आम्ही सगळे पानावर हात जोडून बसतो. मला भूक लागलीय, पण मी थांबेन.

उघडे दार, मोकळी वाट ।
हाक नाही, कोण येई ॥