लॅटिनची एम्बसी

आमचा रूममेट सलीम मुकादम, मूळचा रत्नागिरीचा. त्याच्या डिग्रीची गंमत तुम्हाला माहीत नसेल. स्कॉलरशिप मिळवून तो युरोपातल्या एका जुन्या शहराच्या ऐन मध्यावरच्या, शेकडो वर्षांच्या युनिव्हर्सिटीत शिकून आला होता. त्यांची रीत अशी, की डिग्री लॅटिनमध्ये छापून देतात. नव्वदच्या दशकात दुबईत, देऱ्यात त्याला नोकरी लागली, तेव्हा व्हिसाचे कागद बघणारा कंपनीचा पीआरओ म्हणाला, "आठ दिन में डिग्री का अरबी तर्जुमा लाओ, नहीं तो व्हिसा खलास."

अरबी अर्ज, भाषांतरं करून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "पहले लॅटिन की एम्बसी से स्टॅम्प लाओ."

"लॅटिन नाम का मुल्क ही नहीं है," सलीम म्हणाला.

"तो फिर डिग्री किसने दी?"

सलीम डिग्री गुंडाळून बाहेर आला. मी म्हटलं, "चल, चर्चमध्ये जाऊ. पाद्र्यांना लॅटिन येतं."

तिथले गोव्याचे म्हातारे फादर खूश झाले. त्यांनी डिग्री मोठ्याने, अगदी सुरात वाचली. मागच्या बाकावरच्या दोन बायका उठून म्हणाल्या, "आमेन." सवयीने सलीमही "आमीन" म्हणून गेला. मग फादरनी इंग्रजीत अर्थ लिहून दिला आणि त्यावरून टायपिंगवाल्याने अरबी केलं.

पीआरओने कागद हातात घेतला. "ये लॅटिन किसने पढा?"

"फादर ने."

पीआरओने कागद खाली ठेवला. "हबीबी, घर में फादर को आता है, तो तू इतना दूर पढने क्यों गया?"