भर दिवसा आणलेली पाखरी

पौड पोलीस ठाणे, ता. १९ मार्च १९५८

नाव गोजराबाई, नवऱ्याचे नाव बहिरू ढमाले, वय अंदाजे पन्नास, धंदा भातशेती व कारवानी कुत्री पाळणे, राहणार रिहे, पेटा मुळशी.

जमादारसाहेबांनी समोर बसवून विचारले त्यावरून सांगते की, नेरे गावच्या हैबतरावांनी कुत्री चोरीला गेल्याची फिर्याद दिली आहे, ती कुत्री म्हणजे पाखरी. ती मीच आणली. सोमवारी ऊन चांगले वर आल्यावर नेऱ्याच्या भर वस्तीतून दोरी धरून आणली. वाटेत लोकांनी रामराम घातला, मीही घातला. चोर असा येत नाही.

ही कारवानी जातीची कुत्री आमच्याकडे सासऱ्यांपासून आहेत. कुत्री पायाने अधू किंवा उगीच अंगावर धावणारी असली, तर कितीही देखणी असो, तिची पिल्ले आम्ही घेत नाही. पिल्ले दोन महिने आईजवळ राहतात. कोंबड्यांत, वासरांत, शेजारच्या पोरांत वाढतात. भात कांडताना मी त्यांना मुद्दाम उखळाजवळ ठेवते, म्हणजे आवाजाला बुजत नाहीत. पिल्लाचे पैसे घेत नाही. एक नारळ घेते आणि शब्द घेते. दोन वर्षांची होईपर्यंत कुत्री फळवायची नाही, रक्ताच्या नात्यात तर कधीच नाही, आणि सांभाळणे जमले नाही तर माझ्याच दारात आणून सोडायची. हा शब्द हैबतरावांनी माझ्या अंगणात चारचौघांसमोर दिला.

आमची रीत अशी की, पिल्लू नेण्याआधी नेणाऱ्याने अंगावर वापरलेले, न धुतलेले फडके पाठवायचे. ते आम्ही पिल्लाखाली अंथरतो. नव्या माणसाचा वास ओळखीचा झाला की पिल्लू तिकडे जाऊन रडत नाही. हैबतरावांनी कोरे, घडीचे उपरणे पाठवले. मळके पाठवायला त्यांना कमीपणा वाटला असावा. पाखरी त्यावर झोपली नाही. मग त्याच घरून जुन्या लुगड्याचा तुकडा आला, चुलीच्या धुराचा वास असलेला. त्यावर ती झोपली. त्या लुगड्याच्या भरवशावर मी पिल्लू दिले.

गेल्या आठवड्यात जांब्याचे गेणबा बाजारात भेटले. पाखरीचा सख्खा भाऊ त्यांच्याकडे दिलेला आहे. ते म्हणाले, "हैबतराव माजा कुत्रा मागत्यात. पाखरी पहिल्यांदाच माजावर आलीया म्हनं. पुन्याच्या सायबाला अस्सल पिल्लं द्यायचीत." मी विचारले, "मग तुमी काय म्हनलात?" ते म्हणाले, "मोठ्या मान्साला न्हाई कसं म्हनायचं?" मी म्हणाले, "तोंड उघडून."

सख्ख्या भावाबहिणीची पिल्ले मी दुसऱ्याच्या दारात पाहिली आहेत. दोन जन्मतःच अधू निघाली, ती आईच्या सडापर्यंत पोचलीच नाहीत. पाखरी तर अजून वर्षाचीही नाही. मला राग आला. तो अजून आहे, तसे लिहावे.

मी नेऱ्याला गेले. हैबतरावांना त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "कुत्र्याला कसलं आलंय भाऊ न् भन? माजं जनावर हाय, मी बगून घीन." मी म्हणाले, "जनावर तुमचं, तर शब्दबी तुमचाच व्हता." ते उठून मळ्यात गेले. पाखरी गोठ्यात साखळीला होती. गोठ्याला आतून कडी होती. ती निघाली. मी पाखरीला घेऊन आले.

कडी कोणी काढली ते सांगणार नाही. हैबतरावांच्या पत्नी तुळजाबाई त्या वेळी कुठे होत्या असे विचारले असता, बाईमाणूस आपल्या घरात असते तिथे होत्या, एवढेच सांगते. पुन्हा विचारले तर पुन्हा हेच सांगेन.

हैबतरावांचा नारळ आम्ही तेव्हाच फोडून खाल्ला. म्हणून परत द्यायला नवा आणला आहे, तो साहेबांच्या टेबलावर आहे.

पाखरी आता कुठे आहे तेही सांगणार नाही. हैबतराव बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना ती हवी असेल तर अंगातला घामेजलेला सदरा आत्ता काढून द्यावा. माज ओसरल्यावर मी तो अंथरेन. पाखरी आपणहून त्यावर झोपली, तर मी स्वतः तिला नेऱ्याला पोचवीन. सदरा द्यायचा नसेल तर खटला करावा, मला कोठडीत घालावे. भातलावणीला अजून अवकाश आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. सदरा आलेला नाही. कडीचा मजकूर मी पुन्हा एकदा वाचायला लावला. कडी काढणाऱ्याचे नाव त्यात आलेले नाही. ते तसेच बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, गोजराबाई बहिरू ढमाले.