विहीणबाईंचं अत्तर

उधन्याच्या बसथांब्यावर सुनंदाबाईंना बँकेत जायला आधीच उशीर झाला होता. तरी मागच्या जोडप्याचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांनी समोर आलेली बस खुशाल जाऊ दिली.

"हे अत्तर आधी परत करून या."

"काय बोलू राहिली तू शोभा! साखरपुड्यात पाहुण्यांना लावायला म्हणून झांपा बाजारातून आणलं. वास तर घे."

"घेतला. दुकानदाराला फोनही केला. म्हणे, असली माल आहे, कस्तुरी मांजराचा."

"मग असली मालच पाहिजे ना."

"अहो, मांजराच्या शेपटीखालून खरवडून काढतात ते!"

"आं? मी तर सकाळीच कानात फाया घातला!"

"म्हणून तर मघापासून लांब उभी आहे."

"थेंबभरच असेल गं. बाकी सगळा गुलाब."

"थेंबभर का होईना, विहीणबाई माळकरी आहेत. मागे आल्या तेव्हा चारचौघांत विचारलं, या कढईत कधी अंडं तर शिजलं नाही ना? पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या."

"आणि जाताना हर्षदाला म्हणाल्या, तुझ्या हाताला लसणाचा वास मारतो."

"माझ्या पोरीला? मला का नाही सांगितलं?"

"तू भांडली असतीस."

दुसरी बस आली. सुनंदाबाईंनी तीही सोडली.

"आणा ती बाटली इकडे."

"चल, परतच करून टाकू."

"कशाला? विहीणबाईंच्या दोन्ही मनगटांना मी स्वतः चोळणार आहे."